पाच रात्री एकाच गावात

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, व्हिसा केंद्राच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसांच्या देखत, एका अनोळखी गृहस्थांनी माझी फाइल आपल्या मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "पाच रात्री? एकाच गावात?"

पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. तिच्याकडे पाहिलं ते सहानुभूतीने. आज शुक्रवार आहे आणि ते पाहणं अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

प्रकरण थोडक्यात असं. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. बायको म्हणाली युरोप, मी म्हटलं स्पेन. ती म्हणाली बार्सिलोना, मी म्हटलं कादिझ. हे भांडण मी जिंकलो. पंचवीस वर्षांतलं तिसरं. आधीची दोन फ्रिज कुठे ठेवायचा यावरून होती आणि फ्रिज आता तिला हवा तिथेच आहे, ते सोडा. मग अर्ज, अपॉइंटमेंट, ठाण्याहून भरलेली लोकल आणि हा हॉल.

गृहस्थांचं वय पासष्टच्या आसपास. कमरेला पाउच, पायांत कोरे करकरीत स्पोर्ट्स शूज आणि गळ्यात विमानात घालतात ती घोड्याच्या नालेसारखी निळी उशी. विमान दीड महिन्यावर होतं. मी उशीकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"सवय लागलेली बरी," ते म्हणाले. "मागच्या वेळी मान धरली ती व्हिएन्नापर्यंत सुटली नाही. सगळं व्हिएन्ना मी डावीकडचंच बघितलंय."

अशा माणसाशी बोलू नये, हे मला कळत होतं. पण हॉलमध्ये मोबाइल बंद ठेवायचा असतो आणि आमचा टोकन नंबर सत्तेचाळीस नंबर लांब होता.

"कुठे निघालात?"

"स्पेन."

"ते बाहेर बोर्डावर लिहिलंय. स्पेनमध्ये कुठे?"

"कादिझ."

"काडीज?"

"कादिझ. स्पेनमध्ये कादिथ म्हणतात." इथे थांबायला हवं होतं. पण मी सहा महिने वाचन केलेला माणूस, आणि वाचन केलेल्या माणसाला थांबता येत नाही. "खुद्द गावातले लोक तर शेवटचं अक्षर खाऊनच टाकतात. ते नुसतं काई म्हणतात."

"काय?"

"काई."

"काय म्हणतात?"

"काई म्हणतात."

"अहो, काही म्हणत नाहीत तर मग गावाचं नाव काय?"

"काई!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बायकोने पर्समधून बंद मोबाइल काढला आणि त्याच्या काळ्या पडद्याकडे एकटक बघायला लागली.

"बरं, ते असू दे," उशीवाले मोठ्या मनाने म्हणाले. "तिथे बघायला काय आहे?"

हा प्रश्न मला गेल्या सहा महिन्यांत मेव्हण्याने, ऑफिसातल्या कुलकर्ण्यांनी, इस्त्रीवाल्याने आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलेला आहे. उत्तर पाठ आहे. कादिझ म्हणजे अटलांटिकमध्ये शिरलेली जमिनीची एक चिंचोळी जीभ आणि तिच्या टोकावर जुनं गाव. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं. परंपरा सांगते तीन हजार वर्षांपूर्वी. उत्खननात सापडतं ते त्याहून थोडं अलीकडचं, पण तेवढ्यासाठी कोण भांडणार. अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी १७१७ मध्ये सेव्हिलहून इथे हलली आणि गावात पैसाच पैसा झाला. मग व्यापाऱ्यांनी घराघरांवर मनोरे बांधले. आपलं जहाज येताना शेजाऱ्याच्या आधी दिसावं म्हणून! त्यातले शंभराहून अधिक अजून उभे आहेत. तवीरा नावाच्या मनोऱ्यात एका अंधाऱ्या खोलीत भिंगं आणि आरसा लावून अख्खं गाव पांढऱ्या तबकावर हलताना दाखवतात. वाळत घातलेल्या चादरी, उडणारे पक्षी, सगळं जिवंत. मला ते तबक बघायचंय. चादरींसाठी तर खासच.

"म्हणजे पूर्वी लोक वर चढून जहाजं बघायचे," उशीवाल्यांनी सारांश काढला. "आता काय दिसतं?"

"आता... समुद्र."

"समुद्र अलिबागलाही आहे."

मी कोलंबस काढला. पहिल्या सफरीला तो पालोसहून निघाला, पण दुसऱ्या सफरीला, १४९३ मध्ये, १७ जहाजं घेऊन निघाला तो कादिझहून.

"कोलंबस बार्सिलोनात आहे," ते ठामपणे म्हणाले.

"तो पुतळा."

"मग? उंच खांबावर उभा राहून बोट दाखवतोय. आमच्या मुलीने फोटो काढलाय. कादिझमध्ये काय दाखवणार, तो इथून गेला ती जागा?"

आता खरं सांगायचं तर इतिहास हे माझं मूळ कारण नव्हतंच. मूळ कारण भजी. कादिझला 'तोर्तियितास दे कामारोनेस' नावाचा पदार्थ करतात. काबुली चण्याचं पीठ आणि गव्हाचं पीठ पातळ भिजवायचं, त्यात कांदा, पार्स्ली आणि जवळ्याएवढी बारीक कोळंबी सालासकट घालायची आणि गरम तेलात पसरट, कुरकुरीत तळायची. म्हणजे जवळ्याची भजीच! माझी आजी मुरूडची. पावसाळ्यात ती सुका जवळा तव्यावर भाजायची तेव्हा शेजारचे जोशी खिडक्या लावून घ्यायचे. पुढे आजी गेली, मुरूडचं घर विकलं, जोशी पुण्याला गेले. आणि एका रात्री दोन वाजता पडद्यावर बघतो, तर सातासमुद्रापलीकडे एक बाई कढईत तेच पीठ सोडतेय आणि गावातल्या एकानेही खिडकी लावलेली नाही. मी त्याच रात्री ठरवलं. बायकोला कारण म्हणून मनोरे सांगितले.

हे मी उशीवाल्यांना का सांगितलं, मला माहीत नाही. सांगितलं मात्र.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग उशी दोन्ही हातांनी नीट बसवली आणि हॉलला उद्देशून म्हणाले, "भजी खायला युरोपला!"

बायकोने मोबाइलवरून नजर उचलली. मनोऱ्यांचा खुलासा तिला तिथे झाला.

यानंतर त्यांनी स्वतःचा कार्यक्रम दाखवला. लॅमिनेट केलेला. अकरा रात्री, सात देश. एका ओळीत मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं: सकाळी पॅरिस, दुपारचं जेवण (भारतीय) ब्रुसेल्स, रात्री अ‍ॅमस्टरडॅम. स्पेनच्या वाट्याला तीन रात्री, बाकी कुणालाच त्याहून जास्त नाहीत, म्हणून अर्ज स्पेनकडे. "एका देशात लंच, दुसऱ्यात डिनर. वेळ फुकट नाही. तुम्ही पाच दिवसांत एका गावात फार फार तर दहा जेवणं कराल." हिशेब बरोबर होता, हीच पंचाईत.

माझी फाइल त्यांच्या मांडीवरच होती. त्यांनी ती पहिल्या पानापासून तपासायला घेतली. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो. (आमच्या नाक्यावरचा फोटोवाला 'हसू नका' म्हणाला, मग 'इतकं पण नका' म्हणाला.) ३०,००० युरोंचा प्रवास विमा, म्हणजे मी तिकडे मेलो तर मला परत पाठवायचा खर्च स्पेनला पडू नये. बँकेच्या शिक्क्याची स्टेटमेंटं, आय टी रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र.

"बॅलन्स ठीक आहे," ते म्हणाले. "पण मार्चमध्ये एकदम साठ हजार कुठे गेले?"

गीझर, वॉशिंग मशीन आणि आईच्या गुडघ्याचा एमआरआय. मी निमूट सांगितलं! ना ते अधिकारी, ना नातेवाईक, आणि मी त्यांना गीझरची कंपनीसुद्धा सांगितली. ही सवय त्या कागदांनी लावलीय. सहा महिने माणूस जो तो मागेल त्याला स्वतःचा हिशेब देत फिरतो. साहेबांकडे जाऊन 'हा माणूस परत कामावर येणार आहे' असं लिहून घेतो. चोपन्नाव्या वर्षी! गृहकर्जाचे अजून सात वर्षांचे हप्ते, आईचा गुडघा, सोसायटीच्या गळतीची कोर्टातली केस हे सगळं टाकून मी कादिझच्या एखाद्या गल्लीत पोटमाळा घेऊन राहीन असं ज्याला वाटतं, त्याने हे सुख मला एकदा समजावून सांगावं. माणशी ९० युरो फी, त्यावर केंद्राचे सेवाशुल्काचे पैसे वेगळे, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. जास्त पैसे भरले तर वेगळ्या खोलीत सोफा, चहा आणि दोन बिस्किटं. काचेतून दिसत होती. मारीची होती.

आणि याबद्दल कुणी काही बोलत नाही. हॉलमधले सगळे फाइल छातीशी धरून, दहावीच्या निकालाला आल्यासारखे बसले होते. चिडलेलो मी एकटाच, आणि माझी फाइल दुसऱ्याच्या मांडीवर.

टोकन लागलं. काउंटरवरची मुलगी पंचविशीची, नम्र होती. कागद भराभर उलटले, हॉटेलच्या बुकिंगवर थांबली.

"सर, फाइव्ह नाइट्स एकाच ठिकाणी? तिथे कुणी रिलेटिव्ह आहेत का?"

"नाही."

"काही काम? कॉन्फरन्स वगैरे?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग?'मध्ये काही दुष्टपणा नव्हता. तिला खरोखर कळत नव्हतं. बार्सिलोना लिहिलं असतं तर तिने मान वर केली नसती. तिथे सगळे जातात, म्हणून तिथे जायला कारण लागत नाही. सगळे जात नाहीत तिथे जायचं म्हटलं की तुम्ही तिथे लपायला चाललाय. बॉण्डच्या २००२ च्या चित्रपटात कादिझचा समुद्रकिनारा आहे. केशरी बिकिनीतली हॅली बेरी पाण्यातून बाहेर येते तो. पण पडद्यावर त्याला हवाना म्हणतात. बिचाऱ्या गावाला जगाने बघितलं तेही दुसऱ्याच्या नावाने.

"कव्हर लेटरमध्ये रीझन अ‍ॅड करून द्या सर. हाताने चालेल."

मी परत खुर्चीवर. कोरा कागद. राज्यघटनेबद्दल लिहावं, असा एक विचार आला. नेपोलियनच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना याच गावात १९ मार्च १८१२ ला स्पेनची घटना जाहीर झाली. तो दिवस सेंट जोसेफचा, जोसेफचं म्हणजे होसेचं लाडाचं नाव पेपे, म्हणून लोकांनी घटनेचं नाव ठेवलं ला पेपा. तोफांच्या माऱ्यात बसून राज्यघटनेला चिमी म्हणणारी माणसं! फेब्रुवारीतल्या कार्निव्हलला हीच माणसं सोंगं घेऊन सरकारची, महापौरांची आणि एकमेकांची गाण्यांतून सालटी काढतात, आणि त्याची नाट्यगृहात रीतसर स्पर्धा भरते. हुकूमशहा फ्रँकोने कार्निव्हलवर बंदी घातली होती. ती उठली आणि गाणी होती तिथेच होती. अशा गावात पाच रात्री कमी पडतील, असं मला लिहायचं होतं.

"लिहा, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून विश्रांती," उशीवाले कानाशी म्हणाले.

"डॉक्टर नको," बायको म्हणाली. मंगळवारी सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. "सर्टिफिकेट मागतील."

"मग मॅडमच्या आवडीचं गाव म्हणून लिहा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, पत्नीच्या आवडीचं शांत गाव. बायकोने ते वाचलं आणि एक अक्षरही न बोलता पेन माझ्या हातातून काढून घेऊन पर्समध्ये ठेवलं. काउंटरवरच्या मुलीने कागद बघितला, "सो स्वीट" म्हणाली आणि शिक्का मारला. बोटांचे ठसे दिले. डाव्या अंगठ्याचा तीनदा घ्यावा लागला.

निघताना उशीवाल्यांनी माझा नंबर मागून घेतला. "काही अडलं तर." मला काय अडणार होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

आज सकाळी त्यांचा निरोप आला. सूर्योदय, गुलाबाचं फूल, आणि खाली: 'मुलीने तुमचं ते काई नेटवर बघितलं. बरं दिसतंय. सेव्हिलला आमचा एक दिवस मोकळा आहे. ट्रेनने दीड-पावणेदोन तास म्हणे. जाऊन-येऊन गावात तीनेक तास मिळतील. पुरेत ना? भजी कुठे खायची ते कळवा.'

सहा महिने. फिनिशियन, मनोरे, तबक, आजी. तीनेक तास.

मी उत्तर दिलेलं नाही. चहा घेऊन बाल्कनीत बसलो होतो, तेवढ्यात आतून बायकोच्या मोबाइलचा आवाज आला. तिचाही नंबर त्यांच्याकडे आहे, हे मला तेव्हा कळलं. तिने त्यांना जुन्या बाजारपेठेचं नाव पाठवलं होतं, कुठली ट्रेन धरायची ते पाठवलं होतं आणि वारा फार असतो म्हणून मॅडमना स्कार्फ न्यायला सांगितलं होतं. माझ्याच वहीतून. आणि शेवटी, बार्सिलोनाला किती रात्री पुरतात, असं विचारलं होतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"दीड."