घरासकट प्रेम करणारा हिरो

तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूरहून हैदराबादला शिकायला गेले तेव्हा तेलुगू माझ्या कानाला नवीन नव्हती. आमच्या बाजारात ती लहानपणापासून ऐकलेली. पण तेलुगू सिनेमा पहिल्यांदा नीट पाहिला तो होस्टेलवर, रूममेटच्या लॅपटॉपवर. 'बोम्मरिल्लू', २००६ चा. सबटायटल्स नव्हती, रूममेटच मधूनमधून हिंदीत सांगत होती. शेवटाकडे हिरो सिद्धार्थ वडिलांसमोर उभा राहून बोलायला लागला आणि ती सांगायची थांबली, कारण ती रडत होती. मलाही तोवर सांगायची गरज उरली नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे, आज लिहूनच टाकते. हिंदी सिनेमातल्या हिरोपेक्षा तेलुगू सिनेमातला प्रेमात पडलेला मुलगा मला जास्त खरा वाटतो, आणि याचं कारण त्याचं घर आहे.

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मलाही प्रचंड आवडतो. मराठा मंदिरात तो इतकी वर्षं चालला यात नवल नाही. राज स्वयंपाकघरात बायकांबरोबर भाजी चिरत बसतो, त्यांच्या साड्या निवडतो, हे तेव्हाच्या हिरोला शोभत नव्हतं आणि त्याने ते मनापासून केलं. पण राजला जिंकायचे असतात ते सिमरनचे बाबूजी. त्याचे स्वतःचे वडील आधीपासूनच त्याच्या बाजूने असतात. घरात त्याला कुणाला काही पटवून द्यावंच लागत नाही.

आणि हिंदीत जिथे स्वतःच्या बापाशी गाठ पडते, तिथे मुलगा घर सोडतो. 'मुघल-ए-आझम'मधला (१९६०) सलीम बापाविरुद्ध फौज घेऊन उभा राहतो. 'कभी खुशी कभी गम'मधला (२००१) राहुल लंडनला निघून जातो आणि पुढचा अर्धा सिनेमा त्याला परत आणण्यात जातो. बंड करायचं नाहीतर निघून जायचं. घरातच थांबून, जेवणाच्या टेबलावर रोज बसून, हे मला मान्य नाही असं सांगायचं, हा मार्ग हिंदी हिरोला फारसा सुचतच नाही.

'बोम्मरिल्लू'मधला सिद्धू (सिद्धार्थनेच केलेला) तिथेच थांबतो. प्रकाश राजने केलेला बाप वाईट नाही, मुलाचे कपडेसुद्धा प्रेमाने निवडणारा आहे, आणि गोची तीच आहे. हासिनी (जेनेलिया, आपल्या लातूरच्या देशमुखांची सून) त्या घरात आठवडाभर राहायला येते आणि सगळ्यांना आवडावं म्हणून स्वतःला इतकी आवरते की तिचं हसणंच हरवतं. ती निघून गेल्यावर मुलगा बापाला लहानपणापासूनचं सगळं सांगतो. प्रेमकथेतला सगळ्यात मोठा प्रसंग मुलगा आणि बाप यांच्यातला आहे! त्यानंतर जे होतं ते मला आजही फार मोलाचं वाटतं: आता सिद्धूने हासिनीच्या घरी आठवडाभर राहायचं. राजही सिमरनच्या घरी राहतो, पण कशासाठी आलाय ते लपवून. सिद्धू उघडपणे, परीक्षा द्यायला जातो.

एक वर्ष आधीचा 'नुव्वस्तानंटे नेनोद्दंटाना' घ्या. परदेशातून आलेला श्रीमंत मुलगा मुलीच्या भावाच्या अटीवर शेतात राबतो. प्रेमासाठी मोलमजुरी 'मैंने प्यार किया'मध्येही होती, नवी नाही. पण इथे त्याला भात पिकवून दाखवायचं असतं, म्हणजे पूर्ण हंगाम काढावा लागतो. प्रभुदेवाने हाच सिनेमा २०१३ मध्ये हिंदीत केला, 'रमैया वस्तावैया', आणि मला तरी त्यात शेत हे गाण्यांमधलं नेपथ्य वाटलं.

तेलुगू सिनेमाने केलेलं नुकसानही मला दिसतं. 'आर्या'मध्ये (२००४) मुलगी नको म्हणत असताना मागे मागे फिरणं हेच निरपेक्ष प्रेम म्हणून दाखवलं. कॉलेजात असताना बसस्टॉपपासून मागे येणारा मुलगा मी अनुभवला आहे. त्यात प्रेम नसतं, भीती असते, आणि ती फक्त आपल्याला असते. 'अर्जुन रेड्डी' (२०१७) मी अर्ध्यात बंद केला होता. दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने तोच माणूस 'कबीर सिंग' म्हणून हिंदीत आणला आणि तो धो धो चालला. तेव्हा या बाबतीत कुठल्याच भाषेने दुसरीकडे बोट दाखवू नये.

आणि मग २०२२ मध्ये 'सीता रामम' आला. राम अनाथ, सैन्यातला लेफ्टनंट, घरच नसलेला. रेडिओवरून त्याच्याबद्दल सांगितलं जातं आणि देशभरातून पत्रं येऊ लागतात, कुणी आई होऊन लिहितं, कुणी बहीण होऊन. त्यातच एक पत्र बायको म्हणून सही केलेलं. म्हणजे हिरोला घर नाही, तर आधी अख्ख्या देशाने त्याला घर द्यायचं, मग प्रेमकथा सुरू करायची! आपली धुळ्याची मृणाल ठाकूर त्यात इतकी सुंदर आहे की तिच्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

हा सिनेमा मी बाबांना देगलूरला तेलुगूतच दाखवला. दुकानामुळे त्यांना तेलुगू माझ्यापेक्षा चांगली कळते. संपल्यावर म्हणाले, अजून एखादा असेल तर लाव. मी 'बोम्मरिल्लू' लावला. त्या प्रसंगाला मी त्यांच्याकडे बघितलं नाही, टीव्हीकडेच बघत राहिले. बऱ्याच वेळाने ते एवढंच म्हणाले, "पोरगं खरं बोललं."