आलं-सुंठीच्या गावात आठ तास

नॉर्वेच्या क्रूझवर एक दिवस ओलेसुनचा असतो. तुम्ही मात्र पाटीवर लिहिलंय तसं 'आलेसुंद'च वाचा. दुपारपर्यंत ग्रुपमध्ये त्याचं 'आलं-सुंठ' होईल आणि घरी कळवायलाही सोपं जाईल. तिथल्या गोल टोपीवाल्या 'ए'चा उच्चार 'ओ' होतो आणि शेवटचा 'ड' गिळायचा असतो, असं कुणी शिकवायला आलंच तर त्याला आपलं आडनाव म्हणून दाखवायला सांगा.

बोट गावाला अगदी खेटून लागते. चार पावलं चाललं की मध्यवस्ती. तरीही घाई नको. बोटीवरचा नाश्ता आधी दोनदा करून घ्या, पैसे भरलेत.

गावात शिरल्यावर पथ्य एकच: मान वर करायची नाही. वर इमारतींना मनोरे आहेत, दगडात कोरलेले चेहरे आहेत, वेली आहेत, ड्रॅगन आहेत. १९०४ ते १९०७ या चार वर्षांत, युगेंडस्टील नावाच्या तेव्हाच्या ताज्या शैलीत जवळजवळ अख्खं गाव पुन्हा उभं राहिलं. हे बघत बसलात तर डोळ्यांच्या उंचीवर मांडलेले ट्रोल, म्हणजे इथल्या लोककथांतल्या राक्षसांच्या बाहुल्या, आणि फ्रिजवर चिकटवायचे मॅग्नेट कोण बघणार? १९०७ सालचं जुनं औषधाचं दुकान आता या शैलीचं संग्रहालय आहे. तुम्हाला क्रोसिन हवी असेल तर तिथे मिळणार नाही, तेव्हा आत जायचं कारण नाही.

गाइड आगीची गोष्ट सांगेल. तेवढ्यात सेल्फी उरकून घ्यावेत. गोष्ट अशी: २३ जानेवारी १९०४च्या रात्री वादळी वाऱ्यात आग लागली आणि लाकडी गाव राख झालं. साडेआठशेच्या आसपास घरं गेली, दहा हजार माणसं ऐन थंडीत उघड्यावर आली. सुट्टीला इथल्याच फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये, येणाऱ्या जर्मन कैसर विल्हेल्मने मदतीची जहाजं धाडली. आणि एवढ्या आगीत मेलं एकच माणूस. एक म्हातारी, पैशांचं पाकीट घ्यायला पुन्हा घरात शिरली, असं सांगतात. इथे ग्रुपमधून 'अरेरे, पाकिटासाठी?' असा सूर निघेल. तुम्ही त्यात सूर मिसळू नका. पहिल्या दिवशी धोक्याच्या सरावाचा भोंगा वाजला तेव्हा चकल्यांचा डबा आणायला केबिनमध्ये परत कोण गेलं होतं, हे बायकोला ठाऊक आहे.

नंतर आक्स्ला टेकडी. बागेतून ४१८ पायऱ्या. राजगड केलेल्याने त्या मोजू नयेत, पण राजगड १९९४ साली केला असेल तर मोजाव्यात. पायथ्याशी गांगे-रोल्व्हचा पुतळा आहे. हाच व्हायकिंग सरदार रोलो, ९११ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीचं राज्य मिळवणारा. म्हणून १९११ साली तिथल्या रुआं शहराने पुतळा भेट दिला. त्याच्या पायाशी बसून 'गुडघा' हा शब्द दोनदा उच्चारा. वरपर्यंत गाडी जाते. वरून पाण्यावर विखुरलेलं गाव, बेटं आणि बर्फाचे डोंगर दिसतात. त्यात आपली बोट शोधा. सापडली? झालं तर, उतरा.

जेवायला बोटीवरच या. हे गाव खारवून सुकवलेल्या कॉड माशावर मोठं झालं. तो इथून थेट पोर्तुगाल-ब्राझीलपर्यंत जातो, टोमॅटो-बटाट्यांबरोबर शिजवून इथेही मिळतो. पण नॉर्वेच्या भावात एका ताटाचे किती रुपये होतात, याचा गुणाकार करू नये. केलाच तर मोठ्याने करू नये. शिवाय बोटीवर आज 'इंडियन नाइट' आहे, पनीर आहे. आपला सुका बोंबील कसा याहून भारी, हे कॉड न चाखताच छातीठोक सांगता येतं.

बोट सुटायच्या दोन तास आधी डेकवरची खुर्ची टॉवेल टाकून धरा. गाव मागे सरकताना त्याचे फोटो काढा, निदान चाळीस. उद्या बर्गन. तिथे डोंगरावर जायला रेल्वे आहे म्हणतात. स्टेशनपर्यंत किती चालावं लागतं, ते आज रात्रीच विचारून ठेवा.