ताप आला म्हणून एआरटी बंद करू नका

परवा मावसभावाला फोन केला. चार दिवस अंगात ताप, आणि तीन दिवस एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवरणाऱ्या औषधांची, गोळी घेतलेली नाही. का, तर व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "एचआयव्हीवाल्याला ताप येतो तो गोळ्यांची उष्णता रक्तात साचल्याने. आठवडाभर गोळ्या बंद ठेवा, रक्त आपोआप शुद्ध होईल. ब्लड कल्चर म्हणजे फुकटचा खर्च. रुग्णाचं ताट वेगळं ठेवा." लोक हे काळजीपोटी पाठवतात, म्हणून जास्तच संताप येतो.

रक्तात उष्णता साचत नाही. एचआयव्हीमुळे सीडी-4 पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटल्या की रक्तात जंतू शिरतात: न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस, क्षयाचे जंतू, क्रिप्टोकोकस नावाची बुरशी. साल्मोनेला हा पोटाचा जंतू धडधाकट माणसाला बहुतेकदा जुलाबांवर सोडतो. इथे तो आतड्यातून रक्तात उतरतो आणि उपचारानंतरही उलटू शकतो. या पेशी टिकतात त्या एआरटीमुळे, आणि मेसेज नेमकी तीच बंद करायला सांगतो!

गोळ्या थांबवल्या तर काय होतं, हे तपासून झालंय. 'स्मार्ट' नावाच्या चाचणीत 33 देशांतले 5,472 जण होते. एका गटाची एआरटी थांबवली आणि रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे सीडी-4 पेशी 250 च्या खाली गेल्यावरच पुन्हा दिली. 2006 साली निष्कर्ष आले: गोळ्या चालू असलेल्या गटात 47 जणांना संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटल्यावर गाठणारा) आजार किंवा मृत्यू, खंड पाडलेल्या गटात 120. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिथला खंड महिनोन्‌महिन्यांचा होता, मान्य. पण जंतुसंसर्गाचा ताप आठवड्यात उतरला नाही, की हा 'आठवडा'ही लांबत जातो.

गोळ्यांनी ताप येतच नाही, असंही नाही. एआरटीतलं अबाकाविर हे औषध काहींना सोसत नाही. ताप, पुरळ येतं, आणि मग ते कायमचं बंद करावं लागतं. एआरटी नव्याने सुरू झाल्यावर दडलेला क्षयही तापाने वर येऊ शकतो. पण हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. भाऊ तर आठ वर्षं त्याच गोळ्यांवर आहे.

एचआयव्ही ताटातून पसरत नाही. फुफ्फुसाचा क्षय हवेतून पसरतो, तिथेही ताट वेगळं करून उपयोग शून्य.

राहिलं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून पाहायची चाचणी. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे त्यातून कळतं. रक्त शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचं. रिपोर्टसाठी उपचार मात्र अडवायचे नाहीत. क्षयाचा जंतू नेहमीच्या बाटलीत सापडत नाही, म्हणून सीडी-4 कमी असेल तर क्षय शोधणारी लघवीची लॅम चाचणीही मागा. हुडहुडी, धाप किंवा बरळणं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

भावाचं रक्त काल घेतलं. डॉक्टरांशी बोलून रात्रीची गोळीही त्याने घेतली.