आधी घरचं बघा, ठीक. पण देणं कोण फेडणार?

परदेशी मदतीवरच्या तुमच्या लेखात लेखकाचं म्हणणं असं की श्रीमंत देशांनी आधी आपल्या माणसांचं बघावं, बाहेरच्या गरिबांचा भार त्यांच्यावर का? नाही पटलं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायची हे संयुक्त राष्ट्रांत १९७० सालीच ठरलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कसारखे मोजके सोडले तर बाकीच्यांची टोलवाटोलवीच चालू आहे. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं, २०२० पर्यंत गरीब देशांना हवामानासाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. आकडा गाठला २०२२ मध्ये, त्यातही मोठा भाग कर्जाचा! म्हणजे हवा बिघडवणारे मोकळे आणि भोगणारे कर्जात. चोर सोडून संन्याशाला फाशी, वर दोराचे पैसेही संन्याशानेच भरायचे.

आमच्या नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-दिंडोरीत येऊन बघा. माल काढणीला आला की नेमका अवकाळी येतो, एका रात्रीत मणी तडकतात आणि सकाळी व्यापारी फोन उचलत नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा रेसिड्यू रिपोर्ट (औषधांचे अंश किती उरले याची तपासणी) मात्र चोख लागतो. लागावाच, त्याबद्दल तक्रार नाही. २०१० साली क्लोरमेक्वॉट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी कंटेनर तिकडे अडकले तेव्हा बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मण्यातला कणभर अंश ज्यांना सापडतो, त्यांना स्वतःच्या धुराड्यांचा दीडशे वर्षांचा हिशोब सापडू नये?

बाकी आमच्याकडचेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातून थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांच्याशी उक्त्या दरावर पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस चालते आणि त्यांची पोरं शाळा सोडून बांधावर बसलेली असतात. त्यावरही लिहा एकदा.