‘चारही चाकं ओढतात, मग विंटर टायर कशाला?’ दर हिवाळ्यात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नोव्हेंबर लागला की ओटावातल्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘छोटी ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घ्या. चारही चाकांना ताकद मिळते, म्हणजे पकड दुप्पट. ऑल-सीझन टायरवर एम प्लस एस लिहिलेलं असतंच, वेगळे विंटर टायर ही टायरवाल्यांची कमाई. फारच वाटलं तर पुढे दोन लावा. छोटी गाडी हलकी असते, खोल स्नोमध्ये रुतत नाही. रुतलीच तर टायरमधली थोडी हवा काढा. वाटेत अडकलात तर हीटर लावून निवांत बसा.’ शेवटी हात जोडलेले आणि ‘नवीन आलेल्यांना जरूर पाठवा’.

त्या शेवटच्या ओळीमुळेच हे लिहायला बसलो. ज्याने इथे दहा हिवाळे काढलेत तो हा मेसेज वाचून सोडून देईल. सप्टेंबरात पुण्याहून येऊन, आयुष्यात पहिल्यांदा स्नो बघणारा माणूस त्यावर हजारो डॉलरची खरेदी करतो आणि मुलांना मागच्या सीटवर बसवून क्वीन्सवेवर, म्हणजे शहरातून जाणाऱ्या चारशेसतरा नंबरच्या हायवेवर, चढतो.

आधी मेसेजमधलं खरं काय ते सांगतो. एडब्ल्यूडीचा, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्हचा, उपयोग होतो, भरपूर होतो. सुबारूने १९७२ मध्ये लिओनी चारही चाकांवर चालवली आणि फियाटने १९८३ मध्ये पांडाची फोर बाय फोर काढली, ती इटलीच्या डोंगरी गावांत आजही दिसते. या गाड्यांचं नाव झालं ते जाहिरातींमुळे नव्हे. चढावर स्टॉप साइनला थांबून पुन्हा निघायचं असेल, किंवा पहाटे स्नोप्लाऊने तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी घालून ठेवलेला बांध ओलांडायचा असेल, तर पुढच्या दोनच चाकांवर चालणारी गाडी जिथे जागच्या जागी चाकं फिरवत बसते तिथे एडब्ल्यूडी सरळ निघते. मीही त्याचसाठी एडब्ल्यूडी चालवतो. मेसेजची गफलत त्यानंतर सुरू होते.

‘पकड दुप्पट’ हे वाक्य सगळ्यात घातक. पकड इंजिन देत नाही, गिअरबॉक्स देत नाही. टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, तिथे ती असते. एडब्ल्यूडी फक्त इंजिनची ताकद दोन ठिकाणांऐवजी चार ठिकाणी वाटते. शेवाळलेल्या कातळावर उभं राहून होडी ओढणारी माणसं दोनाची चार झाली तरी पायाखालचं शेवाळ तेवढंच राहतं. निघताना चौघांचा उपयोग होतो. थांबताना मात्र सगळ्याच गाड्या सारख्या, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला पहिल्यापासून चारही चाकांवर असतात. पंधरा वर्षांच्या जुन्या सिव्हिकला जे चार ब्रेक, तेच तुमच्या नव्या एडब्ल्यूडी सुबारू क्रॉसट्रेकला.

शाळेतल्या सूत्राने हिशोब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.८ धरला तर, ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या स्नोवर घर्षणांक ०.२ धरा, तेच अंतर ४९ मीटर होतं. चांगल्या विंटर टायरने तो ०.३ वर नेला तर ३३ मीटर. मधले १६ मीटर म्हणजे पादचाऱ्यांचा अख्खा पट्टा आणि त्यापलीकडची एक गाडी. नितळ बर्फावर ०.१ धरला तर ९८ मीटर लागतात. या हिशोबात किती चाकं ओढतात हा आकडा कुठेच येत नाही.

वळणाचंही तेच. वळताना गाडीला बाजूला धरून ठेवतो तो टायर. २०११ च्या सप्टेंबरपासून कॅनडात विकायच्या नव्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं झालं, आणि घसरणारी गाडी सावरायला ते खरंच मदत करतं. पण तेही टायरकडे जेवढी पकड शिल्लक आहे तेवढीच वापरू शकतं.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. साधी फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी घराबाहेर पडतानाच चाक फिरवून सांगते की आज रस्ता वाईट आहे. ड्रायव्हर सावध होतो, वेग कमी ठेवतो. एडब्ल्यूडी ती सूचना गिळून टाकते. गाडी झोकात निघते, ताशी ७० ला आरामात पोचते, आणि रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला कळतं ते पुढच्या गाडीचे लाल दिवे लागल्यावर. स्नो पडल्यानंतरच्या सकाळी चारशेसतराच्या कडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्या नजर टाकून बघा, त्यांत एडब्ल्यूडीचा बिल्ला लावलेल्या काही कमी नसतात.

आता एम प्लस एस. ही अक्षरं म्हणजे चिखल आणि स्नो. ती टायरवर यायला नक्षीतल्या खाचांची रचना आणि प्रमाण ठरावीक असलं की पुरतं. उत्तर अमेरिकेत त्यासाठी टायर स्नोवर चालवून बघावा लागत नाही. शोधायचं ते दुसरं चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ते मिळवायला टायरला स्नोवर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते, ठरवून दिलेल्या संदर्भ टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. त्यातही एक मेख आहे. इथली ती चाचणी टायर स्नोवर किती जोराने पुढे ओढतो हे मोजते, ब्रेक मारल्यावर किती लवकर थांबतो हे नाही. त्यामुळे डोंगराचं चिन्ह असलेले सगळे टायर एकाच माळेचे मणी समजू नका.

नक्षीपेक्षाही मोठा फरक रबराचा आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ऑल-सीझन टायरचं रबर ताठर व्हायला लागतं आणि रस्त्याच्या बारीक खरखरीत शिरेनासं होतं. विंटर टायरचं मिश्रण उणे पंचवीसलाही लवचीक राहील असं केलेलं असतं. म्हणजे स्नो न पडलेल्या, कोरड्या पण गोठलेल्या जानेवारीतल्या दिवशीही दोन टायरांत फरक असतो. ‘आमच्याकडे रस्ते लगेच साफ होतात’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

या बाबतीत ओटावात राहणाऱ्याला पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही, पूल ओलांडला की झालं. पलीकडे गॅटिनो, म्हणजे क्यूबेक प्रांत. तिथे नोंदणी झालेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. हा कायदा २००८ मध्ये आला तेव्हा मुदत १५ डिसेंबरपासून होती, २०१९ पासून ती दोन आठवडे अलीकडे ओढली. या कायद्यात एडब्ल्यूडीला सूट नाही. तुमची गाडी चारही चाकांनी ओढते की दोन, पोलिसाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तो टायरच्या बाजूवरचं चिन्ह बघतो. नदीच्या अलीकडे, म्हणजे ओटावा ज्यात येतं त्या ऑन्टारियो प्रांतात, सक्ती नाही. नदी तीच आणि स्नोही तोच, त्यामुळे सक्ती नाही याचा अर्थ गरज नाही असा काढणं जरा धाडसाचं आहे. बारा महिने वापरायचे, पण डोंगराचं चिन्ह असलेले ऑल-वेदर टायर हा मधला मार्ग आहे आणि शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला तो चालू शकतो. नावात एका शब्दाचा फरक आहे, दुकानात ऑल-सीझन पदरात पडू देऊ नका.

‘छोटी गाडी हलकी, म्हणून रुतत नाही.’ खोल स्नोमध्ये प्रश्न वजनाआधी पोटाचा येतो. सुबारूच्या इम्प्रेझाचं पोट रस्त्यापासून १३० मिलिमीटर वर, तिचीच उंच बहीण क्रॉसट्रेक २२० वर. यंत्रणा जवळपास सारखी, पण प्लाऊने टाकलेल्या वीतभर बांधावर एकीचं काय होतं आणि दुसरीचं काय हे बघण्यासारखं असतं. स्नो पोटाच्या वर गेला की गाडी तो पुढे ढकलते, खाली दाबते, आणि दाबलेल्या ढिगावर स्वतःच चढून बसते. वजन ढिगावर गेलं की चाकांवर भार उरत नाही. मग चार चाकं फिरोत की चाळीस. इथे हलकेपणाचा काही उपयोग होत नाही.

स्नोवर खरोखर तरंगणाऱ्या गाड्या आहेत, आइसलंडमध्ये. हिमनद्यांवर जाणाऱ्या त्या जीपना ३८ ते ४४ इंची टायर असतात आणि हवा पाच पीएसआयपर्यंत किंवा त्याहूनही खाली आणतात. मेसेजमधली हवा काढायची युक्ती बहुधा तिथूनच आली असावी. तुमच्या छोट्या गाडीच्या टायरला ती लागू होत नाही: बाजूची भिंत बुटकी, हवा काढली की रिमवरून उखडायची भीती, आणि पुन्हा भरायला जवळ पंप नाही. शिवाय थंडी तुमच्या आधीच हवा काढून बसलेली असते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय उतरतो. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३३ भरलेला टायर उणे २० च्या पहाटे २६ दाखवतो. थंडीच्या पहिल्या लाटेला डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो तो यामुळे. तेव्हा हिवाळ्यात हवा भरायची असते, आणि तपासायची ती गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यानंतर.

रुतल्यावर कामाला येतं ते फावडं. चाकांच्या पुढचं-मागचं आणि पोटाखालचं जमेल तेवढं साफ करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, चाकांपुढे वाळू किंवा मांजराच्या शौचपेटीतली माती टाका (इथे प्रत्येक सुपरमार्केटात मिळते), आणि ॲक्सिलरेटरला हळू हात, म्हणजे पाय, लावा. ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरलं की इंजिनचा जोर कापतं, म्हणून अशा वेळी ते बटण तात्पुरतं बंद करावं असं अनेक गाड्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. दाबून, चाकं गरगरा फिरवून काही होत नाही. खालचा स्नो वितळतो, पुन्हा गोठतो आणि गुळगुळीत खळगा तयार होतो.

त्यातून प्रत्येक एडब्ल्यूडी सारखी नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. बहुतेक छोट्या गाड्या एरवी पुढच्या चाकांवरच चालतात आणि गरज पडली की मधला क्लच मागच्या चाकांना जोडतो. तो फार वेळ घसरत राहिला तर तापतो, आणि अनेक गाड्यांत स्वतःला वाचवायला सुटून जातो. २०१९ च्या टोयोटा प्रियसच्या एडब्ल्यूडी मॉडेलमध्ये तर मागच्या चाकांना फक्त ७ अश्वशक्तीची छोटी मोटर होती आणि ती ताशी ७० किलोमीटरपर्यंतच मदत करायची. कारखान्याने जे काम सांगितलं ते ती बरोबर करायची: थांबलेली गाडी हलवणं. तिच्या भरवशावर कोणी क्यूबेकमधल्या लॉरेन्शियनच्या डोंगरात स्कीइंगला निघणार असेल तर दोष प्रियसचा नाही.

पुढे दोनच विंटर टायर? अजिबात नको. पुढचं टोक रस्ता धरतं, मागचं सुटतं, आणि ब्रेक मारल्यावर गाडी स्वतःभोवती फिरते. चारही एकसारखेच लावा असं ट्रान्सपोर्ट कॅनडा, म्हणजे इथलं केंद्रीय वाहतूक खातंही सांगतं. एडब्ल्यूडीत आणखी एक कारण: पुढच्या-मागच्या टायरांचा घेर वेगळा झाला की मधल्या क्लचला वाटतं चाकं सतत घसरताहेत. त्याच्या दुरुस्तीत टायरचे दोन संच येतील.

हीटर लावून निवांत बसण्याबद्दल मात्र चेष्टा सुचत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवृष्टीत अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली. त्यांतल्या काहींच्या मृत्यूचं कारण थंडीबरोबरच गाडीत साठलेला कार्बन मोनॉक्साइड असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. सायलेन्सरचं तोंड स्नोने बुजलं की धूर पोटाखाली साठतो आणि आत शिरतो. या वायूला वास नाही, गुंगी येते आणि माणूस झोपेतच राहतो. म्हणून आधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा, इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवायचं, वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवायची, आणि स्नो पडत असेल तर सायलेन्सर दर वेळी पुन्हा बघायचा. हायब्रिडचं इंजिन आपलं आपण सुरू होतं, तिथे जास्तच लक्ष हवं. गाडी सोडून पायी निघायचं नाही. गोधडी, फावडं, टॉर्च आणि फोनची पॉवर बँक डिकीत नोव्हेंबरपासूनच असू द्या.

राहता राहिली टायरवाल्यांची कमाई. विंटर टायर वापरता तेव्हा उन्हाळी टायर झिजत नाहीत. दोन संच आळीपाळीने चालतात, त्यामुळे दोन्ही जास्त हिवाळे-उन्हाळे टिकतात. वेगळ्या स्टीलच्या रिमवर बसवून घेतले तर दर मोसमाला उतरवण्या-चढवण्याचा खर्च कमी होतो. ऑन्टारियोत १ जानेवारी २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत देणं बंधनकारक आहे. ती मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही. आणि बजेट एकाच गोष्टीला पुरत असेल तर एडब्ल्यूडीसाठी मोजायचे जादा पैसे वाचवा, साधी फ्रंट-व्हील ड्राइव्ह घ्या आणि तिला चार चांगले विंटर टायर लावा. गॅरेजची वेळ ऑक्टोबरातच ठरवून टाका. पहिला स्नो पडल्यावर ते लोक फोनही उचलत नाहीत.