पोटखराबा

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘ओसाड माळ हिरवा करूया’ची धूम आहे. सुप्याजवळचा माळ, जूनमध्ये गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड. एका पोरानं विचारलं, ‘माळावर झाडं कशाला?’ तर सगळे त्याच्यावर तुटून पडले. विकासविरोधी काय, झाडांचा वैरी काय! २०१९च्या ३३ कोटी वृक्षलागवडीचा गजर अजून कानातून गेलेला नाही. खड्डा, रोप, फोटो, झालं पर्यावरण.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी, म्हणजे तिकडचा गवताळ माळ होता. १८३७ मध्ये जॉन डिअरनं पोलादी नांगर बनवला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत ती जवळजवळ सगळी मक्याखाली गेली. आज चांगल्या अवस्थेतली शेकडा ०.०१ सुद्धा नाही. जी आहे ती रुळांच्या कडेला, जुन्या दफनभूमींत. मग इथल्या लोकांना शहाणपण सुचलं. फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेनं १९७५ पासून आपल्या कणांच्या प्रवेगक यंत्राच्या गोल कड्याच्या आत प्रेअरीचं गवत पेरलं. जोलिएटच्या दारूगोळा कारखान्याच्या जागेवर १९९६ मध्ये मिडेविन हे प्रेअरीचं राखीव रान झालं, २०१५ मध्ये तिथं बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे आले. ऑक्टोबरात आम्ही बी गोळा करायला जातो. बिग ब्लूस्टेम नावाचं गवत डोक्याच्या वर जातं, तुऱ्याला तीन फाटे. मूठ आवळून खालून वर ओढलं की बी हातात येतं. वसंतात तेच रान रीतसर पेटवतात आणि घुसलेली झाडंझुडपं तोडतात. निसर्गप्रेमी लोक, हातात करवत! हे ग्रुपवर टाकलं तर उत्तर आलं, ‘तिकडचं तिकडे ठेव.’

का ठेवू? गिरिपुष्प तरी कुठलं, सासवडचं? मेक्सिकोकडचंच ना! त्याच्या सावलीत मारवेल, पवन्या ही माळाची गवतं टिकत नाहीत. गवत गेलं की चिंकारा, खोकड, धाविक पक्षी गेले आणि मेंढरं घेऊन येणारा धनगरही गेला. माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य केलं ते याच महाराष्ट्रानं. कुसळी गवताचं बी कधी हातावर घेऊन पाहिलंय? ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो आणि ते स्वतःच मातीत घुसतं. त्याला खड्डा खणून द्यावा लागत नाही.

माझं घरही जुन्या मक्याच्या शेतावर, म्हणजे प्रेअरीच्या उरावरच उभं आहे, आणि लॉन वाढलं की एचओएचं, म्हणजे इथल्या घरमालकांच्या सोसायटीचं पत्र येतं, मी मुकाट्यानं कापतो. हे मात्र ग्रुपवर टाकलेलं नाही. मिडेविनला चार तासांची पाळी केली की आपण इथले झालो असं वाटतं, रविवारी सकाळी ग्रुप उघडला की ते उतरतं.

सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे. गटाचा एक तुकडा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी म्हणून लागलेला, तो हाच माळ. तिथं लागवडीला माझी संमती नाही, असं मी चुलतभावाला स्पष्ट कळवलं. तो म्हणाला, ‘बरं दादा. मग ये आणि राख.’ मी येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.