५,९९९ रुपयांतलं २०० इंची थिएटर: एका फॉरवर्डला उत्तर

भावकीच्या, शाळेच्या, अगदी भजनी मंडळाच्या ग्रुपवरही स्वस्त प्रोजेक्टरचा हा मेसेज येऊन गेलाय:

"टीव्ही विसरा! ५,९९९ रुपयांत २०० इंची थिएटर घरात. १२,००० लुमेन, फोर-के, दिवसाही लख्ख. पडदा नको, कोणतीही भिंत चालते. कसाही ठेवा, चित्र आपोआप सरळ. बल्ब ५०,००० तास, रोज चार तास बघा, ३४ वर्षं चिंता नाही. सगळे ओटीटी आत. डोळ्यांना टीव्हीपेक्षा सुरक्षित."

लातूर-नांदेड भागातल्या क्लासेसना आणि मंगल कार्यालयांना प्रोजेक्टर बसवून देणं हे माझं काम. त्यामुळे हा मेसेज मला कुणी ना कुणी पाठवतं आणि खाली विचारतं, "भाऊ, घेऊ का?" एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथं सगळं लिहून टाकतो. मेसेजमधल्या एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्या खऱ्या म्हणूनच सांगेन. पण माणूस ज्या आकड्यांना भुलतो, नेमके तेच आकडे पोकळ आहेत.

"२०० इंची थिएटर"

याला उत्तर द्यायला प्रोजेक्टर लागत नाही, टेप लागते. २०० इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. आजच्या १६:९ आकाराच्या चित्रात त्याची रुंदी साडेचौदा फूट आणि उंची आठ फुटांच्या थोडी वर भरते. आपल्याकडची बैठकीची खोली दहा बाय बाराची. चित्र भिंतीवर मावत नाही, ते दोन्ही बाजूंना वळून खिडकीवर आणि देवघरावर जाईल.

दुसरं माप अंतराचं. प्रत्येक प्रोजेक्टरचा एक थ्रो रेशो असतो. तो १.३ असेल तर चित्राच्या रुंदीच्या १.३ पट मागे मशीन ठेवावं लागतं. १०० इंची चित्राची रुंदी सव्वासात फूट, म्हणजे मशीन साडेनऊ फुटांवर. हे बारा फुटी खोलीत बसतं. २०० इंचांना जवळपास एकोणीस फूट लागतात. म्हणजे मशीन शेजाऱ्याच्या ओसरीत. तेव्हा घरासाठी १०० इंच धरा, खोली लहान असेल तर ८०. तेही टीव्हीच्या मानानं खूप मोठं आहे.

"१२,००० लुमेन, दिवसाही लख्ख"

सगळी मेख इथं आहे, म्हणून जरा थांबून बघू.

घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन उजेड देतो. १२,००० लुमेन म्हणजे असे तेरा बल्ब, आणि त्यांचा सगळा उजेड एका लहानशा भिंगातून बाहेर. खरोखर एवढा उजेड देणारे प्रोजेक्टर असतात. ते मोठ्या सभागृहात लागतात, उचलायला दोन माणसं लागतात आणि किंमत लाखांत असते.

मग डबीवरचा आकडा येतो कुठून? ते सांगता येत नाही, कारण तो कुठल्याच ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला नसतो. मोजायची मान्य रीत आहे: पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र टाकायचं, त्याचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मधोमध उजेड मोजायचा आणि सरासरीला क्षेत्रफळानं गुणायचं. त्यातून निघतो तो अ‍ॅन्सी लुमेन. नुसतं लुमेन किंवा एलईडी लुमेन लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या.

पडताळा घरीच घेता येतो. मशीनच्या मागच्या पट्टीवर किंवा अ‍ॅडॅप्टरवर वॅट बघा. या स्वस्त मशीनवर ते साठ-सत्तरच्या घरात असतात. सगळेच्या सगळे एलईडीला मिळाले, असं उदार मनानं धरलं तरी आतल्या एलईडीतून निघणार सहा-सात हजार लुमेन. पुढे हा उजेड चित्र उमटवणाऱ्या एका एलसीडी काचेतून जातो. तिथली पोलरायझरची फिल्म निम्मा उजेड पहिल्याच झटक्यात खाते, रंगांच्या गाळण्या उरलेल्याच्या तीन भागांतले दोन खातात, बाकी भिंगं आहेतच. भिंतीवर पोचतो तो बहुतेकदा मूळ उजेडाच्या दहा टक्क्यांच्या आत. त्यामुळे अशा मशीनचे खरे अ‍ॅन्सी लुमेन दोन-तीनशे निघाले तर आश्चर्य वाटायला नको.

आता २०० लुमेन १०० इंची चित्रावर पसरा. चित्राचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर, म्हणजे भिंतीवर पडला साधारण ७२ लक्स (चौरस मीटरमागे लुमेन) उजेड. दिवसा खिडकीच्या खोलीत भिंतीवर मुळातच दोनशे लक्स असू शकतात. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो, काळ्याच्या जागी काहीच टाकत नाही. म्हणजे चित्रातला काळा २००, पांढरा २७२. हिरोचे केस आणि त्याचा पांढरा सदरा यांत एवढाच फरक. "दिवसा काहीच दिसंना की भाऊ" असे फोन येतात त्याचं कारण हे. मशीन बिघडलेलं नसतं.

चित्र मोठं केलं की हाल वाढतात. एका बोअरच्या पाण्यावर एकाऐवजी चार एकर भिजवायला काढलं तर जे होतं, तेच इथं होतं. इंच दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट आणि उजेड पाव. तेच २०० लुमेन २०० इंचांवर टाकले तर १८ लक्स उरतात.

पण याची दुसरी बाजू मेसेजवाल्यांना ठाऊक नाही, नाहीतर त्यांनी तीच विकली असती. डिजिटल सिनेमागृहातल्या पडद्याची ठरलेली चमक ४८ कॅन्डेला प्रति चौरस मीटर आहे. घरातला साधा टीव्ही त्याच्या कितीतरी पट तेजस्वी असतो. तरी टॉकीजमधलं चित्र फिकं वाटत नाही, कारण तिथं अंधार असतो. तीच चमक घरी १०० इंची पांढऱ्या पडद्यावर हवी असेल तर खरे ४००-४५० अ‍ॅन्सी लुमेन पुरतात. बारा हजार नाही, साडेचारशे. अट एकच, खोली काळोखी हवी. ट्यूब चालू ठेवून बघायचं असेल तर दोन-तीन हजार अ‍ॅन्सी लुमेन लागतील, आणि तरी टॉकीजसारखं दिसणार नाही.

अंधाराच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. जुन्या माळवदाच्या घरात भिंती दोन-दोन हात जाड, खिडकी नावालाच, उजेड येतो तो दारातून. दार लावलं की भर दुपारी काळोख, वर गारवा. होम थिएटरसाठी लोक जाड पडदे लावतात, भिंतींना गडद रंग देतात. ते माळवदात फुकट मिळतं. तोटा एवढाच की वरून माती गळते. वापर झाला की मशीन पिशवीत.

आणि उन्हाळ्यात गच्ची. जिन्याच्या खोलीची बाहेरची भिंत गुळगुळीत करून पांढरी केली की झाला पडदा. आठनंतर अंथरुणं टाकून बघा. रस्त्यावरचा दिवा त्या भिंतीवर पडत नाही ना, एवढं आधी पाहा.

"फोर-के"

डबीवर बारीक अक्षरात 'सपोर्ट' असा शब्द असतो. त्याचा अर्थ, फोर-के फाइल दिली तर मशीन ती नाकारणार नाही. आतल्या काचेवर चित्राचे ठिपके (पिक्सेल) तेवढेच राहणार. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडी १९२० बाय १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख. या किमतीत काच बहुतेकदा १२८० बाय ७२० ची असते, सव्वानऊ लाखांची. विचारायचा शब्द 'नेटिव्ह रिझोल्यूशन', म्हणजे काचेवरचे खरे ठिपके. दुकानदार पुन्हा 'सपोर्ट' म्हणाला की समजून घ्या.

तपासायची युक्ती सोपी आहे. लॅपटॉप जोडा, सातबाऱ्याची पीडीएफ पूर्ण पान दिसेल अशी उघडा आणि खातेदारांची नावं वाचता येतात का बघा. फक्त मध्ये नको, चारही कोपऱ्यांत. स्वस्त भिंगाचा फोकस मधोमध जमतो आणि कडेला विरघळतो. दुकानात दाखवतात ते समुद्राचे, पोपटांचे व्हिडिओ यासाठीच निवडलेले असतात, त्यात अस्पष्टपणा लपतो.

जाता जाता एक न्यायाची गोष्ट. चांगल्या कंपन्यांचे बरेच फोर-के डीएलपी (एलसीडी काचेऐवजी बारीक आरशांची चिप असलेले) प्रोजेक्टरही फुल एचडी चिपच वापरतात. ती चिप एका चित्रासाठी चार वेळा किंचित सरकवून उजेड टाकते. पण तिथं पडद्यावर खरोखर ८३ लाख ठिपके उमटतात. ती फसवणूक नव्हे.

"पडदा नको, कोणतीही भिंत चालते"

हे अर्धं खरं आहे आणि मी लोकांना हेच सांगतो. आधी भिंतीवर बघा, पडद्यावर पैसे नंतर घाला. भिंत मात्र 'कोणतीही' चालत नाही. पुट्टी मारून घासलेली, वर मॅट पांढरा रंग, एवढं हवं. ऑइलपेंटची चमकदार भिंत असेल तर मधोमध लाइटचा गोळा दिसतो. पिवळसर किंवा आकाशी डिस्टेंपर असेल तर माणसांचे चेहरेही त्याच रंगाचे. चादर लावू नका. मागच्या बाजूनं चित्र दिसतं, म्हणजे तेवढा उजेड चादरीतून पार गेला.

रंगवलेल्या भिंतीवर चित्राभोवती तीन-चार इंचांची काळी पट्टी ओढा. चित्राचा उजेड वाढत नाही, पण डोळ्याला ते उठून दिसतं. शंभर रुपयांत याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही.

"कसाही ठेवा, चित्र आपोआप सरळ"

त्याला कीस्टोन म्हणतात. मशीन तिरकं ठेवलं की चित्र एका बाजूला फाकतं. मग ते आतल्या आत चित्र तिरकं कापून बाहेर चौकोन दाखवतं. कापलेले ठिपके वाया जातात, म्हणजे आधीच सव्वानऊ लाख होते, त्यातले पुन्हा कमी. शिवाय कापलेल्या भागातून पुसट करडा उजेड गळतच राहतो, अंधारात चित्राबाहेर तो तिरका तुकडा दिसतो. मशीन भिंतीच्या बरोबर समोर, मध्यरेषेवर ठेवा आणि कीस्टोन शून्यावर. महाग प्रोजेक्टरात लेन्स शिफ्ट असतं, तिथं भिंगच सरकतं आणि ठिपके जात नाहीत.

छताला टांगायची हौस असेल तर घर कशाचं आहे ते बघा. पत्र्याचं असेल तर अजिबात टांगू नका. बहुतेक मशीनच्या माहितीपत्रकात ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेरच ४२-४३ असतात, पत्र्याखालच्या हातभर जागेत त्याहून जास्त. स्टुलावर, कमरेच्या उंचीला, मागे-बाजूला वीतभर मोकळी जागा सोडून ठेवा.

"५०,००० तास, ३४ वर्षं"

भागाकार बरोबर आहे. पण एलईडीचं आयुष्य साधारणपणे उजेड ठरावीक प्रमाणात, बऱ्याचदा निम्म्यावर, येईपर्यंतचं सांगतात आणि ते फक्त एलईडीचं असतं. पंखा, अ‍ॅडॅप्टर, एलसीडीची काच यांचं नाही. उष्णतेनं पोलरायझरची फिल्म करपते आणि चित्रात पिवळा डाग येतो. आत धूळ शिरली की काळे ठिपके. आपल्याकडची काळ्या रानाची धूळ किती बारीक असते, ते कूलरची जाळी धुणाऱ्याला विचारा. ज्या मशीनचा भिंगाकडचा भाग बंदिस्त असतो ते टिकतं, पण या किमतीत तो क्वचितच असतो.

लाइट जाण्याची भीती मात्र बाळगू नका. एवढी लहान मशीन घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालते, फक्त इन्व्हर्टर साइनवेव्ह असावा.

"सगळे ओटीटी आत"

चिन्हं असतात. पण पैसे देऊन घेतलेलं ओटीटी चांगल्या दर्जात चालायला मशीनला मान्यता लागते. अँड्रॉइडवर तिला वाइडवाइन एल-१ म्हणतात. ती नसेल तर बऱ्याच ठिकाणी ४८० ओळींचं चित्र मिळतं किंवा अ‍ॅप उघडतच नाही. मोबाइलचा स्क्रीन भिंतीवर टाकायला गेलात तर आवाज येतो आणि चित्र काळं. वेगळी एचडीएमआय स्टिक लावा, प्रश्न मिटला. आतला स्पीकर नावापुरता असतो. घरातला जुना होम थिएटरचा डबा वायरनं जोडा, कारण ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो.

"डोळ्यांना सुरक्षित"

भिंतीवरून परतलेला उजेड औषधी असतो, असं काही नाही. लांबून बघितलं की डोळ्यांना आराम पडतो, तो टीव्हीलाही पडतो. पोरांना मात्र चालू भिंगात डोकावू देऊ नका.

"टीव्ही विसरा"

ज्या घरात सकाळी बातम्या, दुपारी मालिका आणि स्वयंपाक करता करता कीर्तन चालतं, त्या घरानं टीव्ही विसरू नये. तिथं ४३ इंची टीव्हीच कामाचा. प्रोजेक्टर रात्रीच्या सिनेमाला आणि मॅचला. तेवढ्यासाठी सहा हजार घालवायचे असतील तर त्यात थोडे आणखी घाला आणि फुल एचडी नेटिव्ह, अ‍ॅन्सी लुमेन छापलेलं, परत घ्यायची मुदत असलेलं मशीन बघा. ती मुदत संपायच्या आत दिवसा, रात्री आणि सातबारा लावून तपासा.

पैसे सहा हजारच असतील तर आणखी एक वाट आहे. क्लासेसवाले आता मोठे टच पॅनल लावतायत आणि जुने लॅम्पचे प्रोजेक्टर काढून टाकतायत. तीन हजार लुमेनचं नावाजलेलं मशीन ओळखीत स्वस्तात मिळू शकतं. त्यांचं चित्र बहुतेकदा १०२४ बाय ७६८ चं, चौकोनी, त्यामुळे सिनेमाच्या वर-खाली पट्ट्या येतील. घेण्याआधी मेनूत जाऊन 'लॅम्प अवर्स' बघा. तीन हजार तासांच्या पुढे गेलं असेल तर नव्या लॅम्पची किंमत विचारून ती भावातून वजा करा. आणि वापरताना लाइट गेली तर पंखा थांबतो, लॅम्प तापलेलाच राहतो, म्हणून लॅम्पवाल्या मशीनला यूपीएस जोडा.